डोकं नवऱ्याचं, धड भावाचं, मग नवरा कोण? वेताळाचा हा प्रश्न आजही साहित्याच्या वर्गात भांडणं लावतो

विक्रम-वेताळाच्या गोष्टी तुम्ही चांदोबात वाचल्या असतील, किंवा ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायच्या तेव्हा बघितल्या असतील. त्यातलीच ही एक.

धवल नावाचा एक परीट तरुण असतो. मदनसुंदरी नावाच्या मुलीशी त्याचं लग्न होतं. काही दिवसांनी तिचा भाऊ दोघांना माहेरी न्यायला येतो आणि तिघं वाटेला लागतात. वाटेत देवीचं देऊळ दिसतं. धवल म्हणतो, दर्शन घेऊन जाऊ. मेहुणा म्हणतो, रिकाम्या हातानं कसं जायचं? धवल म्हणतो, मग तुम्ही थांबा इथंच, मी पटकन जाऊन येतो.

आत गेल्यावर त्याच्या मनात येतं की देवीला द्यायला आपल्याकडे दुसरं आहे काय? तो स्वतःचं मुंडकं कापून देवीला वाहतो. बराच वेळ झाला म्हणून मेहुणा बघायला जातो. समोरचं दृश्य बघून तोही तेच करतो. शेवटी मदनसुंदरी आत येते. नवरा गेला, भाऊ गेला, ती गळफास लावून घेणार इतक्यात देवी बोलते. म्हणते, पोरी थांब, मुंडकी धडांना लाव, दोघंही उठतील.

आणि घाईगडबडीत तिच्या हातून मुंडक्यांची अदलाबदल होते.

आता एकाचं डोकं नवऱ्याचं आणि धड भावाचं. दुसऱ्याचं डोकं भावाचं आणि धड नवऱ्याचं. पाठीवरचा वेताळ विचारतो, सांग राजा, यातला तिचा नवरा कोण?

वेताळाचा नियम तुम्हाला माहितीच असेल. उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार आणि बोलला तर वेताळ परत झाडावर. राजा बोलतो. ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं आहे तोच नवरा, कारण सगळ्या अवयवांत डोकं श्रेष्ठ. उत्तर बरोबर, वेताळ परत झाडावर.

ही गोष्ट अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ या संस्कृत ग्रंथात लिहून ठेवली. आणि ती आमच्या वर्गात आली ती टीवाय बीएला, गिरीश कार्नाडांचं ‘हयवदन’ नाटक अभ्यासाला होतं म्हणून. आमच्या सरांनी पहिल्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. ही गोष्ट सांगितली आणि वेताळाचा प्रश्न आमच्यावर टाकला.

वर्गात उत्तर माहीत असून गप्प बसलं तर डोकं फुटत नाही. त्यामुळे पहिली पाच मिनिटं सगळे गप्प.

मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, असं होऊच शकत नाही. मग त्यावर बोलायचं कशाला?”

सगळे हसले. पण सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘खरं’. आणि म्हणाले, आधी हे ठरवू की या शब्दाचा अर्थ आपण काय घेतोय. पुढचे तीन तास त्यावरच गेले. त्या तीन तासांत जे समजलं, ते आज मोबाईलवर येणारे फॉरवर्ड बघताना मला वारंवार आठवतं. म्हणून हा विषय.

तर अद्भुत गोष्टीकडे बघताना आपण साधारण तीन वाटा धरतो.

पहिली वाट त्या मागच्या बाकावरच्या मित्राची. घडू शकत नाही म्हणजे खोटं, आणि खोटं म्हणजे पोराटोरांसाठी. ही वाट सरळ आहे, पण ती धरली तर पंचतंत्र, अरेबियन नाइट्स, हॅरी पॉटर आणि आजीच्या अर्ध्याहून जास्त गोष्टी केराच्या टोपलीत जातात.

दुसरी वाट बरोबर उलटी. गोष्टीत आहे म्हणजे ते कधीतरी घडलंच असणार. आपल्या पूर्वजांना मुंडकी जोडायचं शास्त्र येत होतं, विमानं होती, सगळं होतं. हे तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येत असेल. गंमत म्हणजे या वाटेवर विज्ञान थोडी हवाही देतं. १९७० साली अमेरिकेत रॉबर्ट व्हाइट या सर्जननं एका माकडाचं डोकं दुसऱ्या माकडाच्या धडाला जोडलं होतं. ते माकड शुद्धीवर आलं, त्याला दिसत होतं, ऐकू येत होतं. पण मज्जारज्जू जोडता येत नसल्यानं मानेखालचं शरीर निश्चल होतं आणि काही दिवसांतच ते मेलं. म्हणजे मागच्या बाकावरच्या मित्राचं म्हणणं तितकंसं पक्कं नाही. पण म्हणून सोमदेवाच्या काळात ऑपरेशन थिएटर होतं असंही निघत नाही. आणि असतं, तरी वेताळाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं का? ऑपरेशन यशस्वी झालं, दोघंही ठणठणीत बरे झाले, तरी नवरा कोण हा प्रश्न तिथंच.

हा मुद्दा मला तेव्हा फार आवडला होता. गोष्टीतली अशक्य गोष्ट शक्य करून दाखवली तरी गोष्ट संपत नाही. म्हणजे गोष्टीचा जीव त्या अशक्य भागात नाहीच.

तिसरी वाट जरा हुशार लोकांची. ती म्हणजे गोष्ट ही एक सांकेतिक भाषा आहे असं समजून ती सोडवत बसायची. हा राक्षस म्हणजे अमुक, ती जादूची अंगठी म्हणजे तमुक. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या बाबतीत हे जगभर झालं. पुस्तक आलं १९५४-५५ साली, दुसरं महायुद्ध आणि अणुबॉम्ब लोकांच्या डोक्यात ताजे होते. लगेच चर्चा सुरू झाली की ती अंगठी म्हणजे अणुबॉम्ब. लेखक टोल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे साफ नाकारलं. मला रूपक आवडत नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की रूपकात लेखक अर्थ लादतो. त्यापेक्षा वाचकाला आपल्या अनुभवाशी गोष्ट लावून बघायची मोकळीक असावी. हेच टोल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होते, आणि पहिलं महायुद्ध संपेपर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सगळे गेले होते, हेही त्याच प्रस्तावनेत आहे. म्हणजे पुस्तकात युद्ध नाही असं नाही. ते एका चिन्हाच्या डबीत बंद नाही, एवढंच.

मग चौथी वाट कुठली? सरांची पद्धत साधी होती. ते म्हणायचे, गोष्टीतलं एक खोटं बिनशर्त मान्य करा आणि मग बघा, पुढं ती कुठं खोटं बोलते.

मुंडकी बदलली. केलं मान्य. आता त्यानंतर माणसं कशी वागतात? तिथं लेखकाला जादू करता येत नाही. मत्सर वाटायला हवा तिथं वाटला पाहिजे, भीती वाटायला हवी तिथं वाटली पाहिजे. तिथं गोष्ट फसली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. ड्रॅगन बघून कुणी म्हणत नाही की हे पटत नाही. पण आई पोराला सोडून उगाचच निघून गेली तर कुणीही म्हणेल.

आता ही पद्धत घेऊन परत वेताळाकडे जाऊ.

राजाचं उत्तर बरोबर धरलं गेलं. पण आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “सर, यात उत्तराला पर्याय होता कुठं? दुसऱ्याच्या धडावर तिच्या सख्ख्या भावाचं तोंड आहे.” सगळे एक क्षण थांबले. खरंच की. धड नवऱ्याचं असलं तरी भावाच्या चेहऱ्याच्या माणसाशी ती संसार कसा करणार? राजानं ‘डोकं श्रेष्ठ’ असा मोठा सिद्धांत सांगितला खरा, पण तो नसता सांगितला तरी उत्तर तेच आलं असतं. गोष्टीनं दुसरा दरवाजा आधीच बंद करून ठेवला होता.

नेमका हाच दरवाजा पुढं एका जर्मन माणसानं उघडला.

थॉमस मान. नोबेल मिळालेला मोठा कादंबरीकार, हिटलरमुळे देश सोडून तेव्हा अमेरिकेत राहत होता. हाइन्रिश त्सिमर या भारतविद्येच्या अभ्यासकाच्या लिखाणातून ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली आणि १९४० साली त्यानं तिच्यावर एक लघुकादंबरी लिहिली. तिच्यात भावाच्या जागी आहे नवऱ्याचा मित्र. नवरा बुद्धीचा, नाजूक शरीराचा. मित्र कष्टाळू, दणकट. आणि बायकोचा, सीतेचा, जीव त्या दणकट शरीरात थोडा अडकलेला. आता मुंडकी बदलली की बघा काय होतं. आता ती नुसती चूक राहत नाही. घाईत झालेली अदलाबदल खरंच घाईत झाली, की तिला तेच हवं होतं?

गोष्टीतला एक माणूस बदलला आणि हजारेक वर्षांचं सोपं उत्तर अवघड झालं.

मानच्या कादंबरीवरून पुढं कार्नाडांनी १९७१ साली कन्नडमध्ये ‘हयवदन’ लिहिलं. कार्नाडांचा जन्म आपल्या माथेरानचा. हे नाटक मराठीत चिं. त्र्यं. खानोलकरांनी आणलं आणि विजया मेहता यांनी ते बसवलं. आज कित्येक विद्यापीठांत ते अभ्यासाला असतं.

कार्नाडांचा देवदत्त हा विद्वान ब्राह्मणाचा मुलगा, कविता करणारा. कपिल लोहाराचा मुलगा, पैलवान गडी. दोघं जिवाभावाचे मित्र. पद्मिनीचं लग्न देवदत्ताशी होतं, पण तिची नजर कपिलाकडे जाते हे देवदत्ताला दिसतं. देवळात मुंडकी उडतात तीही इथं भक्तीनं नाही. देवदत्त जळफळाटानं स्वतःचं डोकं कापतो. कपिल घाबरतो की लोक म्हणतील, मित्राच्या बायकोसाठी यानंच त्याला मारलं. आणि देवी प्रकटते ती जांभया देत. तिला झोप आलेली असते, हे प्रकरण एकदाचं मिटावं असं वाटत असतं. मला हा प्रसंग अख्ख्या नाटकात सगळ्यात जास्त आवडतो.

मुंडकी बदलतात आणि भांडण सुरू होतं. कपिलाचं डोकं आणि देवदत्ताचं धड असलेला माणूस म्हणतो, लग्नात तिचा हात धरला तो या हातानं, तिच्या पोटातलं मूल या शरीराचं, मग नवरा मी. मुद्दा बिनतोड आहे. कायद्याच्या परीक्षेत टाकला तर वकील लोक दोन्ही बाजूंनी लिहितील. प्रकरण एका ऋषीकडे जातं. निकाल तोच, डोकं श्रेष्ठ. पद्मिनी खूश. तिला डोकंही हवं ते मिळालं आणि शरीरही हवं ते.

काही दिवसच.

देवदत्ताच्या डोक्याला पैलवानाचं शरीर मिळालं खरं, पण डोकं तेच, सवयी त्याच. हळूहळू ते शरीर मऊ पडत जातं. तिकडं जंगलात कपिलाचं डोकं नाजूक शरीराला मारून मुटकून राकट करतं. थोड्याच काळात दोघं होते तसे होतात. पद्मिनी मूल घेऊन जंगलात कपिलाकडे जाते. त्या शरीरातल्या जुन्या आठवणी मी महत्प्रयासानं पुरल्या होत्या, त्या आता का उकरतेस, असं कपिलाला होतं. मग देवदत्तही येऊन पोचतो. दोघं मित्र एकमेकांना मारून मरतात आणि पद्मिनी सती जाते.

इथं एक खरी घटना सांगण्याचा मोह आवरत नाही. २०१७ साली केरळमध्ये अपघातात हात गमावलेल्या एका तरुणीला पुरुष दात्याचे हात बसवण्यात आले. पुढच्या काही वर्षांत त्या हातांचा रंग उजळला, ते सडपातळ झाले, तिच्या शरीराला शोभतील असे दिसू लागले. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ‘हयवदन’च आठवलं. पण हा पुरावा नव्हे हं. कार्नाडांना हे आधीच माहीत होतं असा फॉरवर्ड कृपया बनवू नका. ते लिहीत होते ते वैद्यकीय भाकीत नव्हतं. सगळं उत्तम एकाच माणसात मिळावं ही आपली जी भूक असते, तिच्याबद्दल ते लिहीत होते.

आता त्या तिसऱ्या तासाबद्दल सांगतो.

ऋषीच्या निकालावर चर्चा चालली होती. बहुतेकांना तो मान्य होता. डोक्यात मेंदू, मेंदूत आठवणी, आठवणी म्हणजे माणूस. विज्ञानाचंही तेच म्हणणं, असं कुणीतरी म्हणालं. सरांनी विचारलं, कुणाला पटत नाही का? बीडकडचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. तो वर्षभरात कधी बोललेला मला आठवत नाही. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जायचे.

तो म्हणाला, “सर, आमच्याकडं डोकं कोण मोजतं? तिथं कोयता मोजतात.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. टोळीत माणसं किती असं कुणी विचारत नाही, कोयते किती असं विचारतात. दोन माणसं, दोन डोकी, आणि हिशोबात एक हत्यार.

वर्गात तेव्हा जी शांतता झाली ती पहिल्या दिवसासारखी नव्हती.

मग सर हळूहळू बोलत गेले. संस्कृतात डोक्याला ‘उत्तमांग’ असा शब्दच आहे, म्हणजे सगळ्यात उत्तम अंग. डोकं वर, पाय खाली. हा क्रम फक्त शरीराचा राहिला नाही, समाजाचाही तोच सांगितला गेला. पुरुषसूक्तात मुखापासून ब्राह्मण आणि पायापासून शूद्र. कार्नाडांनी देवदत्ताला ब्राह्मण आणि कपिलाला लोहार केलं ते उगाच नाही. ऋषी म्हणतो डोकं श्रेष्ठ, तेव्हा तो फक्त एका लग्नाचा निकाल देत नसतो. विचार करणारा मालक आणि राबणारं शरीर त्याच्या हुकमातलं, हेही त्यात येतं. आणि नाटकात होतंही तसंच. कपिलाचं डोकं निकाल ऐकून जंगलात जातं, देवदत्ताचं डोकं त्याचं कमावलेलं शरीर घेऊन घरी जातं.

इंग्रजीतही कारखान्यातल्या कामगाराला ‘हँड’ म्हणतात, असं मागच्या बाकावरचा तोच मित्र म्हणाला. ज्याला तीन दिवसांपूर्वी हे सगळं बोलायचं कशाला असं वाटत होतं, तो.

बघा, कुणी आम्हाला ‘श्रम आणि जातव्यवस्था’ या विषयावर सरळ भाषण दिलं असतं तर अर्धा वर्ग झोपला असता आणि उरलेल्या अर्ध्यानं ठरलेल्या बाजू घेतल्या असत्या. पण अदलाबदल झालेल्या मुंडक्यांवर सगळ्यांनी आधी मोकळेपणानं उत्तर देऊन टाकलं होतं. डोकं श्रेष्ठ, आम्हीच म्हणालो होतो. उत्तर तोंडातून निघून गेल्यावर ते कुठून आलं हे दिसलं. माझ्या मते अद्भुत गोष्टीचं काम इथं चालतं. रोजच्या जगातला प्रश्न विचारला की आपण सावध होतो, आपली जात, पक्ष, घर सगळं आठवतं. अशक्य जगातला प्रश्न विचारला की आपण बेसावध असतो.

हे सगळ्याच अद्भुत गोष्टींना लागू होतं असं मी म्हणणार नाही. तलवार फिरवायची, राक्षस मारायचा, राजकन्या घेऊन घरी, अशाही ढिगानं गोष्टी आहेत. त्या वाचायला मजा येते आणि तेवढंच त्यांचं काम. कुठली गोष्ट किती खोल आहे हे ओळखायची माझी एक घरगुती चाचणी आहे. त्यातली जादू फुकट आहे की तिची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, ते बघायचं. ‘हयवदन’मध्ये तिघंही ती मोजतात.

आणि ज्या मुलीनं भावाच्या तोंडाचा मुद्दा काढला होता, तिनं जाता जाता आणखी एक प्रश्न टाकला. वेताळ विचारतो राजाला. कार्नाडांच्या नाटकात निकाल देतो ऋषी. सोमदेवाच्या गोष्टीत मदनसुंदरीला कुणी एकदा तरी विचारलं का, की तुला काय वाटतं?

सर म्हणाले, नाही विचारलं. कार्नाडांची पद्मिनी निदान बोलते, आपल्याला काय हवंय ते तिला माहीत आहे. पण शेवट तिचाही चितेवर.

घंटा झाली होती. बीडचा मुलगा वही बंद करत होता. सरांनी दारातून वळून एवढंच सांगितलं की उद्या येताना वेताळाची शेवटची गोष्ट वाचून या. त्या गोष्टीत बाप लग्न करतो मुलीशी आणि त्याचा मुलगा लग्न करतो तिच्या आईशी, आणि वेताळ विचारतो की त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय. सगळ्या प्रश्नांची फटाफट उत्तरं देणारा राजा तिथं पहिल्यांदा गप्प बसतो. त्याला उत्तर खरंच येत नसतं, म्हणून त्याचं डोकंही फुटत नाही आणि वेताळही झाडावर परत जात नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग कागदावर वंशावळ काढून आला होता.